राजपुत्राचं नाव

१९६३ सालचा एक रविवार. उंद्रीचे शेषराव मास्तर आणि त्यांचा दोस्त हिंमतराव ओसरीवर खडूनं आखलेल्या पटापुढे बसले होते. राक्षसाच्या किल्ल्याचा हा खेळ मास्तरांनी स्वतःच रचला होता. त्यात तीन नवे राजपुत्र घ्यायचे की नाही, ते आज कवड्या टाकून पाहायचं होतं.

धनुर्धर चंद्रकेतू पहिल्याच दारात मेला. अदृश्य होणारा मायाधर पुलावर मेला. ज्याला बाण लागतच नाही त्या वज्रसेनाला राक्षसानं झोपेत गिळलं.

“यायच्यात ताकदच कमी पडून राह्यली बे,” हिंमतराव म्हणाला. “एखादा मंत्र दे त्यायले.”

दिवस भरत आलेली मास्तरांची बायको, रुखमाबाई, उंबऱ्यात शेंगा सोलत सगळं पाहत होती.

“मंत्र कायले? नाव बदला,” ती म्हणाली. “गोड नाव दिसलं का मरण उचलून नेते. दगडू ठेवा, कडूबा ठेवा. तसल्या नावाले मरणही हात लावत नाही.”

दोघंही खो खो हसले.

“अवं, राजपुत्राचं नाव कुठं दगडू असते काय?” मास्तर म्हणाले.



रुखमाबाईनं पोटावर हात ठेवला. “आपले तिघं गेले, त्यायचे नावं बी तुमी राजपुत्रायसारखेच ठेवले व्हते.”