स्टॅनची खुर्ची

१९७९ सालच्या हिवाळ्यात शिकागोत कंबरभर बर्फ पडला. अशा वेळी जो बर्फ उपसून गाडीपुरती जागा करी, तो तिथे घरातली जुनी खुर्ची ठेवी आणि मग ती जागा त्याचीच, हे तिथलं शेंबडं पोरही जाणे. विधवा स्टेलाने लेकीच्या गाडीसाठी जागा केली आणि नवऱ्याची खुर्ची मांडली. तो आदल्या हिवाळ्यात तिथेच बर्फ उपसताना गेला होता. मतदानाच्या सकाळी खुर्ची मोडून कडेला पडली होती आणि जागेवर गिल टियर्नीची गाडी उभी होती. दोनदा राज्याच्या विधानसभेत बसलेला गिल आता नगरसेवक व्हायला निघाला होता. तिने खिडकीतून हटकलं, तर तो हसला. “खुर्चीच ना, आजी? निवडून आलो की चार पाठवतो.” “ये तर खरा निवडून, मेल्या!” तो समोरच्या चर्चमध्ये, मतदान केंद्रावर गेला. स्टेलाने रबरी नळी खिडकीबाहेर काढून गाडीवर पाणी सोडलं. तासाभरात गिलच्या पोस्टरांसकट गाडी जाड बर्फात गोठली. टपावर तिने मोडकी खुर्ची ठेवली. मतदानाला येणारे थबकत. “खुर्ची कुणाची गं, स्टेला?” “माझ्या स्टॅनची.” एवढं ऐकून ते ओठ आवळून आत जात. गिल पडला तो पडलाच. पुढे फ्लोरिडात घरं विकत राहिला. स्टेला नव्वदीपर्यंत जगली. दर निवडणुकीला उमेदवार येऊन तिच्या दारातला बर्फ स्वतः उपसत, आणि ती खिडकीतून म्हणे, “तो कोपरा राहिला.”