बयूमीची बायको

"सांगा लवकर, काय कोरू?" पाथरवट महरूसनं बयूमीला विचारलं. पांढऱ्या दगडाची शिळा त्यानं भिंतीला टेकवून ठेवली होती. मौतीनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या आत ती कबरीवर उभी राहायला हवी होती.

उत्तर बयूमीच्या थोरल्या भावानं, हाजी उवेसनं दिलं.

"कोर, बयूमी अब्दुल-गफ्फारची बायको. अल्ला तिच्यावर दया करो. झालं."

"आणि नाव?"

"नाव?" उवेस उखडला. "घरातल्या बाईमाणसाचं नाव येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचायचं? तू तुझ्या आईचं नाव भर चौकात घेतोस का रे?"

महरूस ओशाळला. सक्कारा गावात कुणीच घेत नाही.

बयूमीनंही कधी घेतलं नव्हतं. लग्न होऊन तीस वर्षांवर झाली होती. मूल असतं तर 'अमक्याची आई' म्हणून हाक मारता आली असती. ते नव्हतं. मग तो दारातून नुसतं "अगं ए" म्हणायचा आणि ती यायची. मोबाइलमध्येही त्यानं तिचा नंबर 'घर' म्हणून ठेवला होता. दागिना कुलपात ठेवावा तसं तिचं नाव आपण जपलं, असं त्याला वाटायचं.

तिच्या शेवटच्या आजारात कैरोच्या दवाखान्यात नर्सनं ते नाव पुकारलं. मोठ्यानं, साऱ्या परक्या पुरुषांसमोर. बयूमी तिच्या अंगावर धावून गेला. खाटेवरून बायकोनं त्याची बाही धरली.

"ओरडू दे तिला, बयूमी. आई गेल्यापासून मला कुणी हाकच मारली नव्हती."

तिथून ती घरी आली नाही.

"उद्या सांगतो," बयूमी महरूसला म्हणाला आणि उठला.

सकाळी पुतणी आली. रावया उवेसची मुलगी, पुरातत्त्व खात्यात नोकरीला. "चला काका. घरात बसून कुजाल."

"कुठं?"

"वर. पिरॅमिड बघायला."

"मेलेल्यांची घरं दाखवतेस होय? माझं मी एक बांधतोय, तेवढं पुरे."

तरी तो गेला. लहानपणी याच वाळूच्या कडेनं त्यानं शेळ्या हाकल्या होत्या. वरचा तो मोठा पिरॅमिड, गावकऱ्यांचा शव्वाफ, म्हणजे राखणदार, रोज दिसायचा. वर चढून जवळ जावंसं मात्र कधी वाटलं नव्हतं.

"हा इसेसी राजाचा," रावया म्हणाली. "आणि तो ढिगारा त्याच्या राणीचा."

"ढिगारा?"

"पिरॅमिडच होता, काका. त्या काळच्या राण्यांमध्ये एवढा मोठा कुणाचाच नव्हता. शेजारी देऊळ, देवळाला खांब. नवऱ्यानं काही म्हणजे काही कमी केलं नव्हतं. मग लोकांनी दगड उपसून नेले. राणीची ओळख उरली ती 'इसेसीची बायको' एवढीच. तेही का, तर राजाच्या शेजारी आहे म्हणून."

"तिला नाव नव्हतं?"

"असेल ना! पण कुणाला ठाऊक नव्हतं. त्या लोकांची समजूत अशी, की नाव पुसलं गेलं की माणूस दुसऱ्यांदा मरतो. राजाचं नाव राहिलं. तिचं वाळूत गेलं. आता कुठं अलीकडे देवळाचा एक लाल खांब सापडला. त्यावर सगळ्या पदव्या आणि खाली नाव. सेतिबहोर."

बयूमी एका फुटक्या दगडावर बसला. वाळूतून वर आलेल्या राणीच्या ढिगाऱ्याकडे बघत त्यानं विचारलं,

"हजार वर्षं झाली असतील?"

"चार हजारांच्या वर."

"एवढी वर्षं ती नुसती बायको होती?"

"नुसती बायको," रावया म्हणाली. मग तिला काय ते कळलं आणि ती दुसरीकडे बघू लागली.

परतताना बयूमी घरी गेला नाही, सरळ महरूसकडे गेला. नाव सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण जीभ वळेना. शेवटी त्यानं खिशातून बायकोचं ओळखपत्र काढलं आणि महरूसच्या पुढ्यात ठेवलं.

"हे बघून कोर. मोठं कोर."

संध्याकाळी उवेस दारात येऊन गरजला. "लोक वाचतील!"

"वाचू देत."

"लाज नाही वाटत तुला?"

"वाटते ना," बयूमी म्हणाला. "म्हणूनच."

चाळिसाव्याला सगळे कबरस्तानात जमले. रावयानं गोड पावांची टोपली आणली होती, येईल त्याच्या हातावर ती एक एक ठेवत होती. उवेस आला, पण लांब उभा राहिला. कुराण म्हणायला शेख हिंदावी आले. बयूमीच्या लग्नात पोटभर जेवलेले, गावातल्या प्रत्येक मयताला हजर असणारे म्हातारे गृहस्थ. काठी टेकत, शिळा वाचत ते रांगेनं पुढे गेले. नव्या शिळेपाशी उभ्या बयूमीच्या समोरून गेले. रांगेच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

"अरे बयूमी, तुझी बायको कुठाय? इथं तर दुसरीच कुणी बाई आहे."

पाव वाटणारे हात थांबले. उवेसनं मान खाली घातली.

बयूमीनं शिळेवर हात ठेवला.

"तफीदा," तो म्हणाला.

आवाज त्याला वाटला होता त्याहून मोठा निघाला. पलीकडच्या रांगेतल्या पुरुषांनी वळून बघितलं. आणि हाक मारल्यावर माणूस थांबतो, तसा तो ओ येण्याची वाट बघत थांबला.