पाइपावरचे टोले

दार उघडलं तेव्हा ठोक्याच्या हातात सफरचंदांची पिशवी होती, आणि वाटभर घोकलेली माफी तो साफ विसरला होता.

"वरच्या खोलीतला ना तू?" काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "ड्रमवाला?"

ठोक्यानं नुसती मान हलवली. बँडमध्ये त्याला सगळे ठोक्याच म्हणत. याच घराच्या डोक्यावरच्या खोलीत तो आणि त्याचे तीन मित्र काही वर्षं रोज दुपारी वाजवत असत. कारखान्याच्या आवाजांतून गाणी करायची हे त्यांचं वेड. संगीत कसलं, ड्रिल मशीन, पत्र्याची पिंपं आणि गिटार यांचं कडाक्याचं भांडण! भिंतींना गाद्या बांधल्या, खिडक्या बुजवल्या, पण आवाज व्हायचा तो व्हायचाच. मग एखादं गाणं संपवून जरा दम घ्यावा, तर खालून टोले पडत. ठण्, ठण्, ठण्. पाण्याचा लोखंडी पाइप खालच्या घरातून थेट वर गेला होता. टोला खाली पडायचा आणि वर दातांत झिणझिण्या यायच्या.

"काकू बिचाऱ्या गाणं संपेपर्यंत कळ काढतात," गायक म्हणायचा. चौघे चिडीचूप बसत. तरी टोले चालूच. आता गप्प बसल्यावरही राग जात नाही म्हणजे काय! मग वाद्यं गुंडाळून मांजराच्या पावलांनी जिना उतरायचा. शेवटी लाजेकाजेस्तव त्यांनी ती खोलीच सोडली. जाताना काकूंना तोंड दाखवायची एकाचीही छाती झाली नाही.

त्या खोलीत रेकॉर्ड केलेल्या गाण्यांनीच पुढे बँडचं नाव झालं. आता त्याच गाण्यांचा रीमिक्स अल्बम निघत होता. ड्रम वेगळे, गिटार वेगळी, आवाज वेगळा असे गाण्यांचे सुटे भाग त्यांनी इतर कलाकारांना देऊन टाकले होते. ज्यानं त्यानं त्यातून आपल्या मनाजोगतं नवं गाणं उभं करायचं. एका मुलीनं मात्र कमाल केली. एका गाण्यात सगळी वाद्यं मधेच ठप्प थांबत, आणि नेमके त्या शांततेत खालचे टोले माइकनं टिपले होते. बँडनं ते तेव्हा जमेल तसे दाबून टाकले होते. मुलीनं तेच वर काढले आणि सगळं गाणं त्यांच्याभोवती बांधलं. ते ऐकून चौघांच्या अंगावर काटा आला. इतकं चांगलं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि त्यातलं सर्वांत चांगलं त्यांचं नव्हतंच. काकूंनी 'हो' म्हटलं तरच ते गाणं अल्बममध्ये घ्यायचं, असं ठरलं. विचारायला कोण जाणार यावर बरीच टोलवाटोलवी झाली. "सर्वांत जास्त बडवलंस तू," म्हणून ठोक्याला पुढे केलं.

"काकू, आम्ही तुम्हाला फार छळलं," तो कसाबसा म्हणाला. "वर तुमचेच टोले गाण्यात आलेत. एकदा ऐका. नको म्हणालात तर काढून टाकू. अगदी हळू लावतो."

"हळू कशाला? चांगलं मोठ्यानं लाव."

आतल्या खोलीत काका छताकडे डोळे लावून पडले होते. सगळी नोकरी त्यांनी पत्रे दाबायच्या प्रेसवर काढली होती. "हल्ली डोळ्याला डोळा लागत नाही ह्यांचा," काकू म्हणाल्या. हेही आपलंच पाप, असं ठोक्याला वाटलं. पाइपाशेजारी खिळ्याला एक भलामोठा पाना लटकत होता; टोले पडत ते यानंच. तो पाहून ठोक्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं स्पीकर टेबलावर ठेवून गाणं लावलं. पिंपं दणदणू लागली, ड्रिल किंचाळलं, खिडकीची तावदानं थरथरली. आणि आतून घोरणं ऐकू आलं. चांगलं ठणठणीत घोरणं. ठोक्या बघतच राहिला.

मग गाणं ठप्प थांबलं.

घोरणं तुटलं. "काय झालं?" आतून घाबरा आवाज आला. "मशीन का थांबलं?"

काकूंचा हात आपसूक पान्याकडे गेला. पण त्याआधीच स्पीकरमधून टोले पडले. ठण्, ठण्, ठण्. पाठोपाठ ड्रम कोसळले. आत काकांनी कूस बदलली आणि ते पुन्हा घोरायला लागले.

काकूंनी चष्मा काढून डोळे पुसले.

"हे टोले नसते तर आमच्या गाण्यात जीव नसता," ठोक्या म्हणाला. "तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. फक्त गाणं ठेवू का, एवढं सांगा."

"ठेव की! आणि त्याची एक प्रत इथेही देऊन जा. अरे, उपकार तर तुमचे. कारखान्यात मशीन अचानक थांबलं म्हणजे कुणाचा तरी हात सापडला, हेच ह्यांच्या मनात बसलंय. शांत झालं की दचकून उठतात. तुम्ही वर होतात तोवर काय झोपायचे रे!"

"पण मग तुम्ही टोले मारून आम्हाला बंद करायला..."

"बंद?" काकू चकित होऊन त्याच्याकडे पाहत राहिल्या. "अरे बाळा, तुम्ही थांबलात की मी ठोकायचे, पुन्हा सुरू करा म्हणून."