एकच गाणं नाचलेली बाई

नटी आली तेव्हा हेल्का बटाटे सोलत होती. तिच्या नवऱ्यावरच्या सिनेमात तिचं काम करणारी ही पोरगी खऱ्या बाईचं चालणं-बोलणं पाहायला मुद्दाम हेलसिंकीहून आली होती. हेल्काने हात पुसले, कॉफी ठेवली आणि वेलचीचे गोड पाव पुढे केले. हेल्काची मुलगी इर्या खिडकीशी बसून ऐकत होती. शेजारचे म्हातारे ओन्नीकाका सरपण टाकायला आले होते, तेही कॉफीला थांबले.

नटीने बरेच आढेवेढे घेऊन विचारलं, नवऱ्यावर, ताउनोवर, तुमचं कधी प्रेम होतं का?

"आणखी एक पाव घे," हेल्का म्हणाली. "फार वाळलीयेस."

ओन्नीकाका कपात बघून हसले. नटीला काही ते कळलं नाही. ती गेल्यावर हेल्काने उरलेले बटाटे सोलले, रेडिओ ऐकला आणि वेळेवर झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही.

ताउनो रौताला हा टँगोची गाणी लिहिणारा. देशात त्याची गाणी लग्नात वाजायची आणि मयताच्या जेवणालाही. त्यातलं सगळ्यात गाजलेलं 'बर्फाचं काळीज' याच गावच्या तळ्याकाठी, नाचाच्या मांडवात सुचलेलं. मांडवाचा रिवाज असा, की जोडीने दोन गाणी नाचायची आणि मग पुरुषाने बाईला तिच्या जागेवर पोचवायचं. एरवी पुरुष उठवायचे, पण बायकांच्या निवडीची पाटी उजळली की जोडीदार बायकांनी निवडायचा. पहिल्या गाण्यानंतर हात सोडणं म्हणजे गावादेखत थोबाडीत मारणं. तरुण हेल्काने एका गाण्यानंतर ताउनोचा हात सोडला. तो घरी गेला आणि त्याने ते गाणं लिहिलं.

पुढे त्याने तिच्याशीच लग्न केलं, इर्या शाळेत असतानाच दोघींना सोडून राजधानीत गेला आणि प्रत्येक मुलाखतीत तो किस्सा सांगत राहिला. हेल्का गावातच राहिली. दुकानात, चर्चमध्ये लोक तिच्याकडे बघून तेच गाणं गुणगुणत.

दफनाला ताउनो आला नाही. त्याने पुष्पचक्र पाठवलं. त्याच्या फितीवर त्या गाण्याची पहिली ओळ छापलेली होती. इर्याने ती फीत कात्रीने कापली आणि सौनाच्या, वाफेच्या न्हाणीच्या, भट्टीत घातली.

सिनेमाचा पहिला खेळ त्याच मांडवात ठेवायचं ठरलं. दुकानदारीण सिर्काने इर्याला विचारलं, तू जाणार आहेस का?

"जाणार. नाचाच्या बुटांना नवे तळ लावून घेतलेत."

"कुणाबरोबर नाचणार?"

"बायकांच्या निवडीची पाटी लागली की ताउनोलाच उठवणार. तेव्हा पुरुषाला नाही म्हणता येत नाही."

"आणि दुसऱ्या गाण्याला?"

"दुसरं गाणं तो एकटा उभा राहून ऐकेल."

सिर्का हसली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली होती.

खेळाला मांडव खच्चून भरला. इर्या मागच्या भिंतीशी ओन्नीकाकांशेजारी बसली. पडद्यावरच्या हेल्काने हात सोडला आणि ती मागे न बघता मांडवाबाहेर, बर्चच्या झाडांत निघून गेली.

"असं नव्हतं," काका पुटपुटले. "ती मंचापाशी येऊन बसली होती. मी अकॉर्डियन वाजवत होतो ना तेव्हा."

"गप्प बसा, काका. इतकी वर्षं बसलात तसे."

पडद्यावरच्या बायकोने नवऱ्याची गाणी फाडली, त्याला बर्फात उभं केलं, लेकीलाही कधी जवळ घेतलं नाही. इर्या डोळ्यांची पापणी न लववता बघत राहिली. आपली वेणी घालताना आई काकांची अकॉर्डियनवरची धून कशी गुणगुणायची, ते तिला आठवत होतं.

मग पहिल्या रांगेत बसलेला ताउनो बोलायला उभा राहिला. ऐंशी उलटली तरी आवाज खणखणीत. "हेल्काला काळीज असतं," तो म्हणाला, "तर मी आज एखाद्या कचेरीत सुखी कारकून असतो. तुमचं मात्र नुकसान झालं असतं." मांडव हसला. फक्त नटी हसली नाही.

खुर्च्या सरकवल्या गेल्या, वादक मंचावर चढले आणि बायकांच्या निवडीची पाटी उजळली. एकही बाई जागची हलली नाही. सगळे इर्याकडे बघत होते.

ती उठली आणि मांडव ओलांडून पहिल्या रांगेपर्यंत गेली. ताउनोने कोटाचं बटण लावलं आणि हात पुढे केला. "ये पोरी," तो म्हणाला. फोटोवाल्याने दोघांना इकडे बघायला सांगितलं; बापलेकीचा फोटो उद्याच्या पेपरात पहिल्या पानावर येईल, म्हणाला.

इर्याने त्या हाताकडे पाहिलं. गावात काय शिजतंय ते ताउनोच्या कानावर आलेलंच होतं. त्याच्या डोळ्यांत भीती नव्हती, उत्सुकता होती. आपण याला मधेच सोडलं, तर हा घरी जाऊन आणखी एक टँगो लिहील. आईवर एक लिहिला, आता लेकीवर. आणि लोक तोही गातील.

ज्याचं त्याला कधीच गाणं करता येणार नाही, असं काहीतरी हवं होतं.

ती वळली. ताउनोचा हात तसाच हवेत राहिला. ती आली तशीच मांडव ओलांडून मागच्या भिंतीपाशी गेली आणि ओन्नीकाकांपुढे उभी राहिली. त्यांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी हळूच मान हलवली, नको म्हणून. पण पाटी उजळलेली होती, आणि तिचा हात पुढे होता.

ते उठले.

शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात इर्या म्हणाली, "दोन्ही गाणी नाचायची हं, बाबा."