तीस अंश

चाळीस वर्षांत गवाणकरांनी दुरुस्त केलेली वस्तू कधी परत आली नव्हती. म्हणून सबिनाबाईंनी ओव्हन बिघडल्याचा फोन केला, तेव्हा ते थर्मामीटर घेऊनच वसईला गेले.

बाईंच्या आईच्या वेळच्या त्या विजेच्या चुलीला त्यांनी गेल्याच आठवड्यात नवी कॉइल बसवली होती आणि तिचा तीस अंश कमी तापणारा ओव्हनही काट्यावर आणला होता. आता त्यांनी बटण दोनशेवर फिरवून आतलं तापमान मोजलं. बरोबर दोनशे भरलं.

“यात काही खोट नाही, बाई.”

बाईंनी करपलेल्या नानकटाईची बशी पुढे सरकवली. “आईच्या वहीत दोनशेच लिहिलंय. ती याच ओव्हनवर शिकली.”

“मग तिथे एकशेसत्तर करा.”

बाईंनी तुपाचे डाग पडलेली वही उघडून त्यांच्या हातात दिली, वर पेनही दिलं. “तुम्हीच खोडा.”

गवाणकरांनी पानं उलटली. प्रत्येक पानावर आईच्या हातचे आकडे होते. एका आकड्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘सबिनाला जरा लालसर आवडते.’

त्यांनी वही मिटली, स्क्रूड्रायव्हर काढला आणि ओव्हन पुन्हा, मोजून तीस अंशांनी, बिघडवला.