दहाव्या दिवसाचा कॉल

"तासभर झाला, कावळा पिंडाला शिवत नाहीये," काका फोनवर म्हणाले. "दादाचा जीव तुझ्यात अडकलाय. तूच बोल काहीतरी."

फायनान्स शिकून लंडनच्या बँकेत लागलेली शाल्मली ऑफिसच्या जिन्यात उभी होती. नोकरीचा व्हिसा हातात येण्याआधी देश सोडला, तर अर्ज रद्द होणार होता. म्हणून बाबांचा दहावाही ती फोनवरच पाहत होती.

काकांनी फोन पिंडासमोर धरला.

"बाबा, मी परत येते. आईजवळ राहते."

कावळा कठड्यावरून हलला नाही.

"अगं, हे त्याला कसं पटेल?" काका पुटपुटले.

"बरं बाबा, इथेच राहते. नोकरी सोडत नाही."

कावळा पिंडावर झेपावला. घाटावर सगळ्यांनी हात जोडले.

शेवटचं तरी बाबा 'ये' म्हणतील, असं तिला वाटलं होतं.