उरलेला शब्द

परदेशी पिंपांवरची लेबलं वाचून देणारे दिनानाथ अंबरनाथच्या एमआयडीसीतून घरी आले की बायकोला ऐकवायचे, "अगं मालिनी, बुर्रो म्हणजे इटालियनमध्ये लोणी आणि स्पॅनिशमध्ये गाढव. रूप एकच, घराणी वेगळी!"

"आधी चहा घ्या, मग गाढव आणा," ती म्हणायची.

मग ब्रेन स्ट्रोक आला आणि त्यांच्या तोंडी तेवढा एकच शब्द उरला. पाणी हवं असलं की बुर्रो, पाठ दुखली की बुर्रो. मालिनी खोलीत आली की हसून तोच म्हणायचे, आणि आठ महिने ती त्या हाकेला "ओ" देत राहिली.

आज स्पीच थेरपीवाल्या मुलीपुढे त्यांच्या तोंडून पहिलं अख्खं वाक्य आलं.



"ह्या बाई फार करतात हो माझं. कोण आहेत?"